मोडायचा नसलेला जॉब

आयटीआयच्या वीजतंत्री ट्रेडला आलेला मुलगा पहिल्या वर्षी वायरिंग शिकतो ते लाकडी बोर्डावर. जिन्याचं वायरिंग, गोडाऊनचं वायरिंग, बोगद्याचं वायरिंग. बोर्डावर पट्टी ठोकायची, वायर ओढायची, स्विच-होल्डर बसवायचे, निदेशकाला दाखवायचं. दिवा लागला की वहीत सही घ्यायची आणि मग सगळं सोडवून वायरची गुंडाळी पुन्हा स्टोअरला जमा करायची, कारण तीच वायर पुढच्या मुलांना लागते. या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली तेव्हापासून देशभर हाताला वळण लावलं जातं ते असंच, आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर तयार झाले आहेत. पण शिल्प निदेशक म्हणून वर्कशॉपमध्ये उभं राहून एक गोष्ट मला सतत दिसत आली. जो जॉब मोडण्यासाठीच करायचा असतो, त्यात मुलगा जीव ओतत नाही. स्क्रू अर्धा फेरा कमी पिळला तरी दिवा लागतोच, सही मिळतेच. तोच ढिला स्क्रू उद्या कुणाच्या घरात तापेल, त्यानं प्लग जळेल, हे मुलाला सांगितलं की कळतं. पटत मात्र नाही.

ते पटताना मी पाहिलं 2019 च्या ऑगस्टमध्ये, कृष्णाकाठी.

बाहेरच्या माणसाला सांगली जिल्हा म्हटलं की ऊस, द्राक्षं आणि हळद आठवते. तो जिल्ह्याचा अर्धाच भाग. पूर्वेकडचे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या पावसाची वाट पाहत जगतात. आमची संस्था या दुष्काळी पट्ट्यातली. मुलं मेंढपाळांची, कोरडवाहू शेतकऱ्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. 2018 चा पावसाळा कोरडाच गेला होता. 2019 च्या उन्हाळ्यात मुलांच्या गावांत टँकर चालू होते, जनावरं छावणीत होती. पाऊसकाळ सुरू झाला तरी इकडे आभाळ कोरडंच. आणि त्याच ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णा आणि वारणा अशा फुगल्या की सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2005 च्या महापुराच्या ज्या खुणा लोकांनी भिंतींवर जपल्या होत्या, त्याही पाण्याखाली गेल्या. एकाच जिल्ह्यात एका टोकाला छावणीत जनावरं आणि दुसऱ्या टोकाला दावणीला बांधल्या जागी बुडालेली जनावरं, असा तो महिना होता.

पाणी ओसरायला लागलं तसं वरून विचारणा आली, की पूरग्रस्त गावांत वीजदुरुस्तीसाठी प्रशिक्षणार्थी पाठवता येतील का. वर्षभराआधी केरळच्या महापुरानंतर तिथल्या आयटीआयच्या मुलांनी घरोघर जाऊन अशीच कामं केली होती, ते आम्ही वाचलं होतं. मी बहुतेक दुसऱ्या वर्षाची मुलं निवडली. वीजतंत्री आणि तारतंत्री जास्त, बरोबर काही जोडारी आणि यांत्रिक डिझेलची, कारण इंजिनं आणि पंपही बुडाले होते. पालकांची संमतीपत्रं घेतली, धनुर्वाताची इंजेक्शनं दिली, गमबूट मिळवले. प्रत्येक जोडीला सिरीज लॅम्प, टेस्टर, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हरचा संच दिला. मेगर, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजायची यंत्रं, संस्थेचे होते तेवढे सगळे घेतले. निघताना एकच नियम सांगितला, महावितरणच्या मीटरला आणि खांबाला हात लावायचा नाही. आपलं काम मीटरच्या अलीकडे, घराच्या आत.

आमच्या वाट्याला पलूस तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव आलं. गावाच्या उंच भागातल्या शाळेत आमचा मुक्काम. खालच्या आळ्यांत शिरल्यावर पहिल्यांदा अंगावर आला तो वास. कुजलेलं धान्य, चिखल, आणि त्यावर मारलेली टीसीएल पावडर. भिंतींवर पाण्याची रेष छताजवळ उमटलेली. काही घरांत छताच्या पंख्याच्या पात्यांवरही गाळ होता. लोक घर धुऊन काढत होते आणि रस्त्यावर गाद्या, पुस्तकं, टीव्ही, मिक्सर, देवांच्या तसबिरी यांचे ढीग लागले होते. दुष्काळी गावातली माझी मुलं गप्प झाली. पाण्यानं एवढं नुकसान होतं हे त्यांनी बातम्यांत पाहिलं होतं. पण पाणी म्हणजे जपून वापरायची गोष्ट, एवढीच त्यांची आजवरची ओळख होती.

पूर येऊन गेलेल्या घराचं वायरिंग तपासणं हे फार शांतपणे करायचं काम आहे. आधी मेन स्विच बंद, कटआऊट काढलेला. मग एकेक बोर्ड उघडायचा. आत गाळ साचून घट्ट झालेला असतो. तो ब्रशनं काढायचा, स्वच्छ पाण्यानं धुवायचा, पुसायचा, वाळू द्यायचा. जुन्या घरांत पट्टीवरचं वायरिंग असेल तर ते लवकर सुकतं. नव्या घरांत वायर भिंतीतल्या पाइपातून गेलेली असते आणि पाइपात पाणी अडकून राहतं. बाहेरून सगळं कोरडं दिसतं. म्हणून मेगर लावायचा. दिवे काढायचे, उपकरणं सोडवायची आणि वायर व अर्थ यांच्यामध्ये 500 व्होल्टचा मेगर फिरवायचा. रोध निदान 1 मेगाओहम दाखवला तर पुढे जायचं. काटा शून्याजवळ पडून राहिला, तर त्या घरात वीज सोडायची नाही.

हे वर्कशॉपच्या फळ्यावर मी किती बॅचेसना शिकवलं असेल. तिथे काटा शून्यावर राहिला की मुलगा वहीत शून्य लिहितो आणि पुढच्या प्रयोगाला लागतो. इथे समोर माणूस उभा असतो. त्याच्या घरात कितीतरी रात्री अंधार आहे, म्हातारी आई आहे, लहान मूल आहे, घरात साप निघालाय. शेजारच्या घरात दिवा लागलाय. आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलानं त्याला सांगायचंय, "काका, आज नाही."

एका घरी असंच झालं. मालक संतापले होते. "शेजारच्यांची लाईट लागली, आमच्याच घराला काय झालंय? तुमाला येतंय का न्हाई काम?" मुलगा जतकडचा, बोलायला बुजरा. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, कारण तपासणी त्यानं केली होती आणि निर्णय त्याचा बरोबर होता. त्यानं मेगर पुन्हा लावला, मालकांना जवळ बोलावून काटा दाखवला आणि म्हणाला, "काका, भिंतीत पाणी हाय. आत्ता सोडली तर कपाटाला हात लावला तरी झटका बसंल." मग त्यानं एकेक सर्किट सुटं करून तपासायला घेतलं. संध्याकाळपर्यंत शोधत राहिला. लोखंडी कपाटामागे भिंतीतला एक जंक्शन बॉक्स होता, घरच्यांनाही आठवत नव्हता असा. तो गाळानं गच्च भरलेला. तो साफ केला, त्या पाइपातली वायर ओढून नवी घातली, एक रात्र जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी काटा वर आला. वीज सोडल्यावर तो मुलगा प्रत्येक बोर्डाजवळ जाऊन हाताच्या पाठीनं स्विचची पट्टी गरम होतेय का पाहत होता. असं करायला मी सांगितलं नव्हतं. अभ्यासक्रमातही नाही. घर सोडताना त्यानं पुन्हा एकदा सगळे स्क्रू पिळले.

मला वाटतं, प्रशिक्षण याला म्हणायचं.

गावात पहिलं मोठं काम आम्ही घेतलं ते पिठाच्या गिरणीचं. मदतीत लोकांना गहू मिळाला होता, पण दळायचा कुठे? जवळच्या गावांतल्या गिरण्याही बुडालेल्या. बिस्किटांचे पुडे आणि फरसाण खाऊन लोक कंटाळले होते. भाकरी-चपाती पाहिजे होती. गिरणीची मोटर थ्री-फेज, मोठी, स्टार्टरसकट पाण्यात राहिलेली. गिरणीवाल्यांचं म्हणणं, मोटर भरूनच आणावी लागेल. भरायला म्हणजे गुंडाळी नव्यानं करायला टाकली, तर त्या दिवसांत रिवाइंडिंगवाल्यांकडे मोटरींची रांग लागलेली, नंबर कधी लागणार कुणाला माहीत. मुलांनी मोटर खोलली. पुली काढली, साइड कव्हरं काढली, रोटर बाहेर घेतला. गुंडाळी जळालेली नव्हती. फक्त गाळानं माखलेली आणि ओली. पाणी चढायच्या आधीच वीज बंद झाली होती, त्यामुळे वाचली होती. मग ती स्वच्छ पाण्यानं धुतली, पुन्हा धुतली, गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत धुतली. उन्हाचा भरवसा नव्हता. एक रिकामं पत्र्याचं पिंप मिळवलं, त्यात स्टेटर ठेवला, आत 200 वॅटचे दिवे टांगले, वाफ जायला वर फट ठेवली आणि मदतीत आलेल्या जनरेटरवर ते रात्रभर लावले. गावातल्या बाया जाता-येता बघत होत्या. एक आजी म्हणाल्या, "बाळंतिणीला शेक द्यावा तसं चाललंय की रं." मुलं पाळीपाळीनं जागली. दर तासाला मेगर लावायचा आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहायचा. मध्यरात्रीपर्यंत काटा हललाच नाही. पहाटेकडे अर्धा मेगाओहम, मग एक, मग त्याच्याही वर. सकाळी मुलांनी मला उठवलं ते आकडा दाखवायला.

व्हार्निश दिलं, पुन्हा सुकवलं, बेअरिंगं नवी घातली, स्टार्टरचे संपर्क घासून साफ केले. पट्टा चढवण्याआधी मोटर नुसती फिरवून पाहिली. ती उलटी फिरली, दोन फेज बदलल्या. दुपारी गिरणी सुरू झाली तेव्हा दारात डब्यांची रांग होती. गिरणीवाल्यांनी त्या दिवशी कुणाकडूनही दळणाचे पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी शाळेत आमच्यासाठी चपात्या आल्या, त्याच पिठाच्या. जेवताना कुणी काही बोललं नाही. मुलांनी मात्र एरवीपेक्षा जास्त खाल्लं.

त्यानंतर मोटरींची रीघ लागली. कृष्णाकाठी प्रत्येक ऊसवाल्याची मोटर नदीवर किंवा विहिरीवर असते. याच तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. 1910 पासून तिथे कारखाना आहे, पंप बनतात, आयटीआयची मुलं तिथे शिकाऊ उमेदवारीला जातात. तिथे जाऊन नवा पंप जोडायला शिकणं आणि इथे बैलगाडीतून आलेला, चिखलानं भरलेला पंप खोलून त्यातून पुन्हा पाणी काढणं, दोन्हीची गरज आहे. पहिलं शिक्षण मुलांना मिळायची व्यवस्था आहे. दुसरं मिळायला पूर यावा लागला.

गावात आमचं स्वागत झालं, पण सगळ्यांकडून नाही. गावातला वायरमन पहिल्या दिवशी लांब उभा राहून पाहत होता. त्याचं दुकानच बुडालं होतं. वायरची बंडलं, स्विच, पंखे, उधारीच्या वह्या, सगळं गेलं होतं. तो मला म्हणाला, "सर, तुमी फुकट करून जाणार. मग आमी खायचं काय?" हा माणूस स्वतः पूरग्रस्त होता आणि आमच्या सेवेनं त्याचाच रोजगार जाणार होता. सेवेच्या उत्साहात असे प्रश्न फार लवकर विसरले जातात. आम्ही असं ठरवलं की तो आमच्याबरोबर फिरेल. कुठल्या घराचं वायरिंग कुठून गेलंय, कुणी कुठे जोड मारलाय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? मदत देणाऱ्यांनी स्विच-वायर पाठवायची तयारी दाखवली तेव्हा मी त्यांना विनंती केली, की माल या वायरमनच्या मार्फत घ्या, त्याचा नफा त्याला मिळू द्या, आणि त्याच्या दिवसाची मजुरीही द्या. त्यांनी ऐकलं. मुलांनाही त्याच्याकडून असं काही मिळालं जे माझ्याकडून मिळालं नसतं, उदाहरणार्थ अंदाज. भिंतीवर बोटं वाजवून पाइप कुठून गेलाय हे तो सांगायचा.

वीजतंत्रीला मुली थोड्या येतात. त्या तुकडीत होत्या त्यांतली एक मुलगी बरोबर आली होती. तिला पाठवायला घरचे तयार नव्हते. तिच्या आजीनं परवानगी दिली. गावात ती आली म्हणून अनेक घरांतल्या बायका मोकळ्या झाल्या, स्वयंपाकघरापर्यंत घेऊन गेल्या. एका घरात फ्रिज तपासताना तिथल्या काकी सहज म्हणाल्या, की फ्रिजला ओल्या हातानं शिवलं की मुंग्या येतात, पण ते तर पहिल्यापासूनच आहे. पहिल्यापासून म्हणजे पुराच्या कितीतरी आधीपासून. मुलीनं अर्थिंगची तार शोधत नेली. ती घरामागे भिंतीतल्या एका खिळ्याला गुंडाळलेली होती. जमिनीशी तिचा काही संबंधच नव्हता.

त्या दिवसापासून ती प्रत्येक घरात बायकांना पहिला प्रश्न विचारायची, "कशाला हात लावला की मुंग्या येतात का?" उत्तरं ऐकून आम्ही थक्क झालो. मिक्सर, वॉशिंग मशीन, नळ, गिझर. पुरुषांना यातलं काही माहीत नव्हतं, कारण ती यंत्रं ते वापरत नव्हते, आणि बायकांनी ते कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. घरामागून घर निघालं, ज्यात अर्थिंग नावापुरतं होतं. कुठे खिळा, कुठे नळाचा प्लॅस्टिकचा पाइप, कुठे तार मधेच तुटलेली. पुरानं ते घडवलं नव्हतं. पुरामुळे ते दिसलं एवढंच. कामाची यादी त्या मुलीमुळे बदलली. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि गिरणी इथे आम्ही खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून, जीआय पाइपचं नीट अर्थिंग केलं. घरांसाठी साहित्य पुरलं तेवढ्या ठिकाणी केलं. जिथे जमलं तिथे 30 मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारा ब्रेकर बसवायला लोकांना सांगितलं आणि तो मोटरसायकलच्या एका टायरपेक्षा महाग नाही हेही सांगितलं.

एका रात्रीचं बोलणं मी विसरू शकत नाही. शाळेच्या व्हरांड्यात मुलं बसली होती. ज्यांच्याकडून आम्हाला जेवण येत होतं ते एक वयस्कर शेतकरीही होते. एक मुलगा, ज्याच्या घरची जनावरं तेव्हा छावणीत होती, एकदम म्हणाला, "सर, आमच्या गावात पाणी नव्हतं तेव्हा इकडनं कोण आलं होतं?" बाकीची मुलं अवघडली. मला 2016 ची आठवण झाली, मिरजेहून लातूरला कृष्णेचं पाणी घेऊन गेलेल्या रेल्वेगाडीची. म्हैसाळच्या योजनेनं हेच पाणी उचलून आमच्या पट्ट्यात येतं, तेही सांगता आलं असतं. पण त्या मुलानं सरकारच्या योजनांबद्दल विचारलं नव्हतं. त्यानं माणसांबद्दल विचारलं होतं. ते शेतकरीच बोलले. "कुणी न्हाई आलं, बाळा. यायला पाहिजे होतं." पुढे बराच वेळ ते त्याला त्याच्या गावाबद्दल विचारत राहिले. किती एकर, काय पिकतं, विहीर किती खोल. मुलगा सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा कामाला लागला.

सगळीच मुलं या दिवसांनी बदलली असं मी म्हणणार नाही. काहींना चिखल सोसवला नाही, ती परत गेली. काहींचं लक्ष कामापेक्षा फोटोत जास्त होतं. या वयात ते चालायचंच. पण जी टिकली त्यांच्या हातात मला फरक दिसला. परत आल्यावर वर्कशॉपमधला तोच लाकडी बोर्ड करताना ती जोड पुन्हा ओढून बघू लागली. मेगरचा तास आला की मागची मुलं त्यांना विचारू लागली.

आता या कामाचं एक दुखणं स्पष्ट सांगितलं पाहिजे. ही मुलं तेव्हा महिना 40 रुपये विद्यावेतनावर शिकत होती. 1983 पासून तोच आकडा होता. 2023 मध्ये तो 500 रुपये झाला. एवढ्या गरजेतून आलेली मुलं सेवा करतात तेव्हा त्यांचा घाम फुकटचा मानायची सवय आपल्याला फार लवकर लागते. कार्यक्रमाच्या मंडपाला दिवे लावायला, कुणाच्या कार्यालयाचं कुंपण वेल्डिंग करायला, समारंभाच्या खुर्च्या उचलायला मुलं पाठवा, असे निरोप येतात आणि त्यालाही श्रमदान, सेवा अशी नावं दिली जातात. मी अशा कामांना मुलं देत नाही. ज्या कामातून मुलाला त्याच्या ट्रेडचं काही शिकायला मिळत नाही, जिथे निदेशक शेजारी उभा नाही, आणि जिथे काम करून घेणाऱ्याला पैसे मोजणं सहज परवडतं, ती सेवा नाही. ती वेठ आहे. विमा, हातमोजे, बूट, प्रवासखर्च आणि जेवण यांची जबाबदारी कोण घेणार हे आधी ठरल्याशिवाय कुठल्याही मुलाला विजेच्या कामावर नेऊ नये.

मुलांची सेवा वेठ होऊ नये म्हणून काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर शोधत मी पुढे पाबळला जाऊन आलो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून ते तिथे गेले. शाळेत रमत नसलेली, शाळा अर्धवट सुटलेली ग्रामीण मुलं हातानं काम करताना विज्ञान शिकतात, ही त्यांची धारणा. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, आरोग्याच्या साध्या तपासण्या, हे सगळं एकच मूल शिकतं. त्यांच्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की गावाला सेवा देणं हा तिथे शिक्षणाचाच भाग आहे. गावातल्या माणसाला गेट करून पाहिजे असतं, पाण्याची तपासणी पाहिजे असते. मुलं ती करून देतात आणि त्याचे वाजवी पैसे घेतात. पैसे देणारा माणूस काम तपासून घेतो, वाकडं असेल तर परत पाठवतो. मुलाला हिशेब करावा लागतो, साहित्य किती वाया गेलं ते कळतं. संकटात फुकट काम करणं वेगळं. रोजच्या दिवसांत रास्त मोल घेऊन केलेली सेवा मुलाचा आणि गावाचा, दोघांचाही मान राखते. आम्हीही मग आमच्या तालुक्याच्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी दुरुस्तीचं टेबल मांडायला सुरुवात केली. मिक्सर, पंखे, इस्त्री, कांडपयंत्र. फक्त सुट्या भागांचे पैसे आणि नाममात्र मजुरी. मजुरी त्या दिवशी काम करणाऱ्या मुलांनी वाटून घ्यायची. करोनाच्या काळात हे थांबलं. तेव्हा आमच्या शिवणकामाच्या मुलींनी मास्क शिवले, आणि देशभरातल्या अनेक आयटीआयमध्ये तेच चालू होतं.

2021 च्या जुलैमध्ये कृष्णेला पुन्हा मोठा पूर आला. त्या वेळी मी कुणालाही बोलावलं नव्हतं. 2019 ला आलेली मुलं तोवर पास होऊन बाहेर पडली होती. कुणी शिकाऊ उमेदवार, कुणी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, कुणी महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीची वाट पाहणारं. ती आपापसात फोन करून, स्वतःच्या खर्चानं त्याच गावात गेली. तिथे त्यांना काम बरंच कमी निघालं. पाणी चढायला लागल्यावर लोकांनी स्वतःच मेन स्विच बंद केले होते, गिरणीची मोटर खोलून माडीवर नेली होती, शाळेतलं अर्थिंग तपासलं तर शाबूत होतं. गावचा वायरमन आता घरोघर मेगर घेऊन फिरत होता. त्यानं तो स्वतः विकत घेतला होता. मुंग्यांचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आज एका कारखान्यात देखभाल विभागात आहे आणि सुट्टीला आली की आमच्या मुलांचा एक तास घेते.

माझं मागणं दोघांकडे आहे. प्रशिक्षणाचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी वर्षातले काही आठवडे अशा खऱ्या घरांतल्या, खऱ्या शेतांवरच्या कामासाठी बाजूला काढावेत आणि त्याला प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत. पूर येण्याची वाट पाहू नये. आणि तुम्ही ग्रामपंचायतीत असाल, शाळेचे मुख्याध्यापक असाल, अंगणवाडी चालवत असाल, तर दिवाळीनंतर जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना एक पत्र लिहा. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे हात तयार झालेले असतात. तुमच्या इमारतीचं वायरिंग आणि अर्थिंग तपासून मागा. साहित्याचा खर्च पंचायतीनं करावा, मुलांच्या जेवणाची आणि येण्याजाण्याची सोय करावी, निदेशक बरोबर असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. आणि मुलांनी "आज वीज सोडता येणार नाही" असं सांगितलं, तर त्यांचं ऐका.